घळीवरचा झोका

कुंडलिक मिस्त्रीनं पुलाच्या तोंडाशीच नाकाला उपरणं लावलं. कुणीतरी थेट वायररोपवर पानाची पिंक टाकली होती. लाल ओघळ तारेच्या पिळांतून खाली उतरला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

आठ महिने त्यानं या पुलावर काढले होते. शेळगावच्या अंगाला ओढ्यानं कापून काढलेली ही घळ दहा पुरुष खोल. पावसाळ्यात बुडाशी पाणी असं उसळायचं, की मधे खांब टिकणं शक्यच नव्हतं. म्हणून ओव्हरसियर रमाकांत साहेबांनी झुलता पूल आखला. दोन्ही काठांवर दगडी बुरूज, त्यांच्यावरून गेलेले दोन पोलादी दोर, दोरांची टोकं मागं खडकात गाडलेली, आणि दोरांना लोंबणाऱ्या सळयांवर फळ्यांची वाट. दोराला किती झोळ द्यायचा ते साहेबांनी कागदावर काढलं. घळीवर पाळण्यात लोंबकळत तो झोळ बोटाबोटानं जुळवला कुंडलिकनं. पलीकडच्या मळ्यांतल्या बायांना भाजीच्या पाट्या घेऊन थेट सडकेवर येता यावं, बारामतीच्या बाजाराची गाडी गाठता यावी, यासाठी एवढा खटाटोप.

छप्पन साली पूल खुला झाला आणि महिन्याभरात तिथं जत्राच भरली. पार इंदापूरहून गाड्या भरभरून माणसं यायला लागली. भज्यांच्या कढया आल्या, फोटोवाला आला. बुरुजाच्या आडोशाला मुतारी झाली. तेलकट कागद, केळ्याच्या साली, सगळं घळीत. पुलावर येऊन खाली थुंकायचं आणि थुंकी कुठवर दिसते ते बघायचं, हा एक नवाच खेळ निघाला. कुंडलिक तोंड फिरवायचा.

वायररोपवर पिंक दिसली त्याच रविवारी पलीकडच्या मळ्यातली प्रयागबाई वांग्यांची पाटी घेऊन पुलाच्या मध्यावर आली होती. तेवढ्यात दहाबारा धोतर-कोटवाले सळया धरून उभे राहिले आणि ठेक्यात पाय आपटायला लागले. पूल हेलकावे खायला लागला. प्रयागबाई मटकन खाली बसली. पाटी कलंडली, वांगी फळ्यांवरून गडगडत खाली गेली. तिनं फळीला मिठी मारली आणि तिथंच ओकली.

"मावशी, आणखी एक झोका!" एकजण ओरडला. बाकीचे खिदळले.

"थांबवा! अरं थांबवा की!" कुंडलिक ओरडत धावला. म्हातारीला काखेत हात घालून त्यानं उठवली. परत वळताना डोक्यावर कट्ट असा आवाज झाला. त्यानं वर बघितलं. सळईला दोराशी आवळून धरणारा क्लॅम्प अर्धं बोट सरकला होता. तारेवर पांढरा, ताजा ओरखडा उमटला होता.

प्रयागबाईला काठावर बसवून तो तडक रमाकांत साहेबांकडं गेला. साहेब पूल बघायला आलेल्या बड्या पाहुण्यांबरोबर फोटोला उभे होते.

"सायेब, मधला क्लॅम्प सुटलाय. पूल बंद करा."

"मिस्त्री, फोटो होऊ द्या."

"ठेक्यात नाचत्यात ती. आजून एक सुटला तर वझं शेजारच्या सळईवर येणार. हे तुमीच शिकवलंय मला."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको," साहेब हसऱ्या तोंडानं, ओठ न हलवता म्हणाले.

ते हसू बघून कुंडलिकला पुलावरच्या घाणीपेक्षा जास्त किळस आली. पुलावर जाऊन त्यानं एकेकाला मानगूट धरल्यासारखं बाहेर काढलं. शिव्या खाल्ल्या, एकानं कॉलरही धरली. शेवटचा माणूस उतरला तसा त्यानं पाना काढला, तोंडाशीच उकिडवा बसला आणि बोल्ट सोडून एकामागं एक सहा फळ्या उचलल्या. खालची घळ उघडी पडली. गर्दी एकदम मागं सरली.

"कुणाच्या हुकमानं?" साहेब धावत आले.

"सळई बघून या सायेब. मग इचारा."

साहेब सळया धरत, काढलेल्या फळ्यांच्या जागी कडेच्या लोखंडी पट्टीवर पाय टाकत मध्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. पाहुण्यांकडं वळून मात्र मोठ्यानं म्हणाले, "मी तपासणी केली. दुरुस्तीसाठी मीच पूल बंद केलाय."

टाळ्या पडल्या. कुंडलिक बाजूला थुंकणार होता, गिळून टाकलं.

दोन दिवसांत त्यानं सगळे क्लॅम्प नव्यानं आवळले, दुहेरी नट बसवले. एका वेळी दहाच माणसं, अशी पाटी लागली. मग बादली आणि काथ्या घेऊन तो दोर घासायला बसला. पिंकांचे डाग काही निघेनात.

"मिस्त्रीदादा, हात धुवा," प्रयागबाई तांब्या घेऊन आली होती. "तुमी हितंच राखण करा की. सायेब नेमत्यात म्हणं."

"न्हाय आक्का. पूल बांधंन म्हणशील तितं. ह्या लोकांचं तोंड रोज बघायचं, ते मला जमायचं न्हाय."

तिनं पाणी ओतलं. त्यानं कोपरापर्यंत हात चोळले, पुन्हा चोळले, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन सणसरची गाडी धरली.