माणकांच्या मुठीची तलवार

कल्याणात त्या काळी दोन गोष्टींची उत्सुकता कधी शिळी होत नसे. एक, खाडीला आज कोणाचं गलबत लागलं. आणि दुसरी, शेणाळे तळ्याकाठच्या बंगल्यातल्या आक्कासाहेबांचं लग्न का झालं नाही. राज्य खालसा झाल्यावर राजेसाहेब इथे येऊन राहिले त्याला पंधरा वर्षं झाली होती. पण त्यांच्या या बहिणीचं कोडं काही सुटलं नव्हतं. कोणी म्हणे मंगळ कडक आहे, कोणी म्हणे कोड आहे, आणि दूधनाक्यावरचा एक जण तर शपथेवर सांगे की बाईंना मिशा आहेत. ज्यांनी बाईंचं नखही पाहिलं नव्हतं, त्यांनाच सगळ्यात जास्त माहिती होती.

त्र्यंबक मास्तर गावातल्या मराठी शाळेत शिकवत. माणूस भित्रा, पण चौकस इतका की शेजारच्या घरात फोडणी कशाला पडली हे कळल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. १८८१ साली सरकारची खानेसुमारी, म्हणजे घरोघरची शिरगणती, निघाली आणि तळ्याकाठची घरं मास्तरांच्या वाट्याला आली. त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तक्त्यात माणसागणिक एक रकाना होता: लग्न झालेलं, न झालेलं, की विधवा. सारं गाव जे कुजबुजत विचारत होतं, ते मास्तरांना आता सरकारी हुकमानं विचारता येणार होतं.

बंगल्यावर कारभारी विश्रामराव यादी घेऊनच बसले होते. राजेसाहेब, राणीसाहेब, दोन मुलगे, एक लेक असं भराभर सांगून ते शेवटच्या ओळीवर आले.

"आक्कासाहेब. वय एकतीस. विधवा."

मास्तरांची लेखणी थबकली. "विधवा? पण यजमान कोण होते त्यांचे?"

"तुम्ही लिहा हो," विश्रामराव आवाज खाली आणून म्हणाले. "राजेसाहेबांच्या लेकीची सोयरीक चाललीय. मुलाकडचे विचारतात, घरात आत्या बिनलग्नाची कशी? विधवा म्हटलं की प्रश्न मिटतो. परवा चांगला दिवस पाहून कुंकू पुसायचं ठरलंय. बाई ऐकत नाहीत, पण एकदा सरकारदप्तरी नोंद झाली की मग कोणालाच बोलायला जागा राहत नाही."

कुंकू पुसायला चांगला दिवस पाहिलेला मास्तरांनी प्रथमच ऐकला. पण खरं सांगायचं तर त्यांना आधी कीव आली नाही. आधी राग आला, तो हातातोंडाशी आलेलं उत्तर निसटतंय याचा. आणि त्या रागाच्या भरात या भित्र्या माणसानं आयुष्यातली पहिली थाप मारली.

"नियम असा आहे, रावसाहेब, की हा रकाना ज्याचा त्यानंच सांगायचा. नाहीतर तक्ता परत येतो."

असा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. पण तक्ता परत येणार म्हटल्यावर विश्रामराव उठून आत वर्दी देऊन आले. बायजा दासीनं बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा सोडला, अलीकडे मास्तरांना पाट दिला आणि पलीकडे बांगड्या वाजल्या.

"नाव?" मास्तरांनी विचारलं.

"आवडाबाई," आतून आवाज आला. "लग्नाचं विचारायला आलात ना? माझं लग्न तलवारीशी लागलं. आमच्यात नवऱ्याऐवजी त्याची तलवार आली तरी चालतं. मी अकरा वर्षांची होते. नवऱ्यामुलाच्या तलवारीला साधी पितळी मूठ. घेऊन येणाऱ्या सरदारांना वाटलं, चारचौघांत बरं दिसणार नाही. म्हणून त्यांनी थोरल्या राजांची उचलली, माणकांच्या मुठीची. थोरल्या राजांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं."

"म्हणजे सासऱ्यांची तलवार?"

"हो. वाजतगाजत लग्न लागलं. वरात सासरी पोचली. सासूबाई ओवाळायला दारात आल्या, त्यांनी तलवार ओळखली आणि ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, ही सून नव्हे, ही माझी सवत आलीय. नवऱ्यामुलानं तर मला आईसाहेब म्हणून मुजरा केला."

मास्तरांना हसू आवरेना. पलीकडेही हसण्याचा आवाज आला, आणि मग थांबला.

"हसा, मीही हसते आता. त्या दिवशी मात्र भूक लागली होती आणि मला जेवायला कोणी वाढलं नाही. दारातूनच परत पाठवलं. मग एका शास्त्र्यांनी निकाल दिला, लग्न लागलं, नवरा आधीच वारलेला. दुसऱ्यांनी दिला, मेलेल्याशी लग्न लागत नाही. वीस वर्षं दोन्ही घरांत पत्रं चाललीत. तलवार राहिली माझ्याकडे. फणस फोडायला बरी पडते."

मास्तरांना वर्षानुवर्षांचं उत्तर मिळालं होतं. उद्या दूधनाक्यावर त्यांचा भाव वधारला असता. पण ते उठले नाहीत. अकरा वर्षांची एक उपाशी पोर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आक्कासाहेब, मी काय लिहू?"

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

बायजा पदरानं डोळे टिपत होती.

"लग्न न झालेली," आवडाबाई म्हणाल्या.

"मास्तर," विश्रामराव खेकसले, "राजेसाहेबांचा शाळाखात्यात वशिला आहे, ध्यानात ठेवा."

मास्तरांच्या लेखणीतून तक्त्याच्या कडेला शाईचा ठिपका पडला. पण त्यांनी लिहिलं, आणि शाई सुकायला वर वाळू टाकली.

"आता खोडता यायचं नाही," ते घाम पुसत म्हणाले. "सरकारदप्तरी नोंद झाली. तुम्हीच म्हणालात, मग बोलायला जागा राहत नाही."

"विश्रामराव," पडद्याआडून आवाज आला, "माझ्या दादासाहेबांना सांगा, कुंकू राहील. आणि त्या सोयऱ्यांना म्हणावं, लग्नाला तलवार धाडू नका. मुलगा घेऊन या."

मास्तर घरी आले तेव्हा त्यांची बायको तुळसा आणि आळीतल्या चार बायका ओटीवर वाट पाहत होत्या.

"कळलं का मग? का नाही झालं बाईंचं लग्न?" तुळसानं विचारलं.

एरवी मास्तरांनी ही गोष्ट तिखटमीठ लावून तीनदा सांगितली असती. त्यांनी पायांवर पाणी घेतलं.

"ते जाऊ दे," ते म्हणाले. "वीस वर्षांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं."