पुनरुक्ती टाळावी

हातात लाल पेन नसलं की मला चुकल्यासारखं वाटतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. सव्वीस वर्षं मी मुलींना भाषा शिकवते आहे. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर त्या दुकानाची पायरी मी चढत नाही. माझी ताई म्हणते, तुझ्या नाकावर माशी बसली तर तिचंही व्याकरण तपासशील. तिचं काही चुकत नाही.

शाळेत विकी आणला तोही मीच. एका प्रशिक्षणात तो पाहिला आणि मला वेड लागलं. सगळ्यांनी मिळून लिहायची वहीच ती, फक्त संगणकावरची. एकीने पान सुरू करायचं, दुसरीने भर घालायची, तिसरीने चूक सुधारायची. कोणी काय, कधी आणि का बदललं, हे 'इतिहास' नावाच्या बटणाखाली साठून राहतं. प्रत्येक पानाला वीस गुण ठेवले होते. पंधरा त्या विषयाच्या शिक्षकांचे, पाच भाषेचे, म्हणजे माझे. विषयाच्या शिक्षकांनी पान वाचलं की वर हिरव्या अक्षरांत 'तपासले' असं उमटायचं. त्यानंतर मी भाषा बघायची. मी नंतर काहीही बदललं तरी ते हिरवं 'तपासले' तसंच राहायचं. हा क्रम बरोबर आहे का, असं मला कोणी विचारलं नाही आणि मलाही तो प्रश्न पडला नाही.

मंगळवारी तिसऱ्या तासाला प्रयोगशाळेत कुरळीने आम्लात पाणी ओतलं.

कुरळी म्हणजे अकरावीतली, केसांना कुठलाच कंगवा पुरे न पडणारी, वर्गात सगळ्यांत मोठ्याने हसणारी. तीव्र आम्ल सौम्य करायचं असेल तर पाण्यात आम्ल सोडतात, हळूहळू. उलटं केलं तर पाणी क्षणात उकळतं आणि सगळं तोंडावर उसळतं. प्रयोगशाळेत चष्मे आठ होते आणि मुली चोवीस. रसायनाचे सर पाच मिनिटांसाठी शेजारच्या खोलीत बाटल्या आणायला गेले होते. कुरळीचा डावा डोळा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

तिच्या टेबलावर विकीच्या पानाची छापील प्रत सापडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आम्ल व पाणी सावकाश एकत्र करावे.' वर हिरवं 'तपासले' होतं आणि त्याखाली, पान सुरू केलं म्हणून, वकिलाचं नाव.

वकील म्हणजे कुरळीच्याच वर्गातली तिची जिवलग मैत्रीण. दर दोन वाक्यांनंतर 'पण मॅडम' म्हणून उभी राहते, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिला हे नाव पडलं, आणि खोटं कशाला बोलू, पाडलं मीच. आईवडील नाहीत. मावशी एका धुलाईकेंद्रात इस्त्री करते, तिच्याकडे ती राहते. बारावीनंतर परिचारिकेच्या प्रशिक्षणाला तिची जागा जवळजवळ नक्की झाली होती. शाळेतून नाव कमी झालं की ती जागाही जाणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तिला बोलावलं. रसायनाचे सर भिंतीला टेकून उभे होते, एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, "मी वाचलं तेव्हा पान बरोबर होतं. मी शपथेवर सांगतो."

"हे तू लिहिलंस?" मोठ्या सरांनी कागद पुढे सरकवला.

वकिलाने कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पान मी सुरू केलं, सर."

"मी काय विचारतोय? हे वाक्य तुझं आहे का?"

ती गप्पच. मला तिचा राग आला. एरवी अनुस्वारावरून भांडणारी पोरगी आज तोंड शिवून उभी, म्हणजे पाणी मुरतंय, असं मी मनात म्हटलंसुद्धा. शुक्रवारी कुरळीच्या वडिलांना बोलावून निर्णय करायचा ठरलं. मोठ्या सरांना एक नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं.

घरी जाताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फार नीटनेटकं होतं ते. 'सावकाश एकत्र करावे.' सोळा वर्षांची मुलगी असं लिहीत नाही. असं मी लिहिते. मी तशीच शाळेत परत फिरले.

संगणकाच्या खोलीत झाडू मारणं चाललं होतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या पानाचा इतिहास उघडला.

वकिलाने लिहिलं होतं, 'आधी पाणी घ्यायचं. पाण्यात आम्ल टाकायचं, थेंबथेंब. आम्लात पाणी कधीच टाकायचं नाही.' त्यावर सरांचं 'तपासले'. दुसऱ्या दिवशी मी ती तीन वाक्यं खोडून एक केलं होतं. बदलाचं कारण लिहायला बारीकशी ओळ असते, तिथे मी लिहिलं होतं, 'पुनरुक्ती टाळावी. बोलीभाषा नको.'

हे मला आठवतही नव्हतं. त्या रविवारी मी एका बैठकीत चाळीस पानं हातावेगळी केली होती.

त्यानंतर वकिलाने आपली तीन वाक्यं परत घातली होती. कारणाच्या ओळीत होतं, 'मॅडम, इथे क्रम महत्त्वाचा आहे.' त्यावर मी पुन्हा माझं वाक्य. तिने पुन्हा तिची तीन. कारण, 'मॅडम प्लीज, उलटं झालं तर उडतं.' आणि शेवटचा बदल माझा. 'हट्ट पुरे. भाषेचे दोन गुण वजा.'

तिची कारणं मी वाचलीच नव्हती. राखाडी रंगातली बारीक अक्षरं असतात ती. माझं म्हणणं मुलींनी वाचावं म्हणून ती ओळ आहे अशी माझी समजूत होती. त्या ओळीत मुलीही मला काही सांगू शकतात, हे विकीवर इतरांना व्याख्यानं देणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गुरुवारी मोठे सर मला जिन्यात गाठून म्हणाले, "ते पान काढून टाका तुम्ही. छापील प्रत आहेच आपल्याकडे. उगाच कोणाच्या हाती लागायला नको." त्यांना इतिहास नावाची भानगड माहीतच नव्हती. विकीची व्यवस्थापक मी. पान इतिहासासकट पुसायचं बटण फक्त मला दिसतं.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "तुझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत."

"माहीत आहे."

"मुलगी तरुण आहे. तिला दुसरं काहीतरी मिळेल."

लाज वाटते सांगायला, पण तिच्या बोलण्याने मला बरं वाटलं. जेवले, झोपही लागली. शुक्रवारी सकाळी शाळेत गेले, पान उघडलं आणि बाण त्या बटणावर नेऊन ठेवला. दाबलं नाही. याला कोणी धैर्य म्हणू नये. बुधवारी वकिलाने माझ्याकडे पाहिलं होतं ते आठवलं. तिला सगळं माहीत होतं. उद्या ती बोलली आणि पान नसलं, तर मी दुहेरी पकडले जाईन, हा हिशेब आधी झाला. लाज त्याच्या मागून आली. पण आली, आणि मी इतिहासाची सगळी पानं छापून घेतली.

मोठ्या सरांच्या खोलीत कुरळीचे वडील बसचालकाच्या गणवेशातच आले होते, पाळी अर्धी टाकून. टोपी मांडीवर होती. वकील आणि तिची मावशी दाराजवळ उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी मावशी बसली नाही.

मी कागद टेबलावर ठेवले आणि वाचून दाखवले. तिचं, माझं, पुन्हा तिचं, पुन्हा माझं. सव्वीस वर्षं मी वर्गात मोठ्याने वाचते आहे, पण 'हट्ट पुरे' मला दोनदा वाचावं लागलं. "वाक्य माझं आहे," मी म्हणाले. "हिने मला अडवलं होतं."

रसायनाचे सर खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठे सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी भर खोलीत काहीतरी सांडलं होतं. बसचालक कागदाकडे बघत होते. अखेर मोठे सर वकिलाला म्हणाले, "तुझ्यावर आता काही नाही. तुझं नाव कमी होणार नाही. जा तू."

मावशीने तिचा हात धरला. वकील जागची हलली नाही.

"मग परवा बोलली का नाहीस?" मोठ्या सरांनी विचारलं.

"दोनदा बोलले होते, सर. लिहून. तिसऱ्यांदा लिहिलं असतं तर पाचही गुण गेले असते. गटात आम्ही चौघी होतो."

आणि मग माझ्यातली शिक्षिका काही गप्प बसेना. मी म्हणाले, "अगं, निदान वर्गात मुलींना तरी सांगायचंस."

"सांगितलं ना, मॅडम. सगळ्यांना तोंडी सांगितलं. सगळ्याच पानांचं आम्ही तसंच करतो. पान मॅडमसाठी असतं, त्यावर काहीही असू दे. खरं काय ते आम्ही मधल्या सुटीत सांगतो एकमेकींना."

बसचालकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मग माझ्या मुलीला नाही सांगितलंत ते?"

वकिलाने मावशीचा हात सोडवून घेतला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तीन दिवस तयार ठेवलेलं उत्तर असावं तसं ती एका दमात म्हणाली, "तो आठवडाभर ती तापाने घरी होती, काका. तिचा फोन आला, काय काय बुडलं म्हणून. माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हटलं, सगळं विकीवर आहे, बघून घे."