बकरीचे का घोड्याचे

जावाजावांचं सूत जमलं की घरातल्या पुरुषांची धडगत नाही, असं धाकटीचा नवरा म्हणायचा. त्याचं काय चुकत होतं? दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही एकाच मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन. वर-खाली करण्यातच त्यांचा जन्म चाललेला. आणि त्याच इमारतीच्या जिन्याखाली, जिथे पूर्वी झाडू-बादल्या ठेवायचे, त्या खोलीत दोघी जावा बुटांना पॉलिश करायच्या. ऑफिसातले लोक सकाळी बूट इथे काढायचे, काउंटरवरच्या सपाता पायात सरकवून फटक फटक करत वर जायचे, आणि संध्याकाळी चकचकीत बूट घालून पुन्हा साहेब व्हायचे.

खोली इमारतीची, राज्य थोरलीचं. धाकटी तिला ताई म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला पॉलिश म्हणजे डबी उघडायची आणि फासायचं, एवढंच ठाऊक. ताईने पहिल्याच दिवशी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला होता. "अगं, बूट आहे तो. भिंत नाही रंगवायची आपल्याला."

ताई ब्रश तळहाताच्या फोडासारखे जपायची. धूळ झटकायला डुकराच्या राठ केसांचा. पॉलिश वाळलं की ते घासून उठवायला घोड्याच्या केसांचा, चांगला लांबलचक. आणि सगळ्यात शेवटी, खरी चमक आणायला, बकरीच्या केसांचा. काळ्या बुटांचे ब्रश वेगळे, तपकिरी बुटांचे वेगळे. चुकून अदलाबदल झाली तर ताई दिवसभर अबोला धरायची, आणि तो अबोला कसा असतो हे धाकटीने एकदाच पाहिलं होतं, पुन्हा पाहायची हौस नव्हती. खोलीबाहेरून जाणाऱ्यालाही नुसत्या आवाजावरून कळायचं काम कुठवर आलंय. खसखस चालली असेल तर घोडा. गप्प झालं की बकरी, म्हणजे बूट तयार.

पण ताईचं खरं कसब ब्रश निवडण्यात. काळ्या पॉलिशच्या ब्रशांचे केस काळे रंगवलेले असतात, लाकूडही सगळ्यांना सारखंच, त्यामुळे दिसायला घोडा काय आणि बकरी काय, एकच. दुकानात गेली की ताई डोळे मिटायची आणि बोटांची टोकं केसांवरून हलकेच न्यायची. "घोड्याचा केस बोटाला उत्तर देतो," ती सांगायची. "बकरीचा नुसता ऐकून घेतो." धाकटीला हे जमायला कितीतरी वर्षं लागली, आणि जमलं त्या दिवशी ताईने दुकानातच तिची पाठ थोपटली होती.

मग ताईला ते आजारपण आलं, ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही. उपचार सुरू झाले आणि डोक्यावरचे सगळे केस गेले. ताई वाचली. केसही परत आले, आखूड आणि कुरळे. एके सकाळी आरशासमोर उभी राहून, दोन्ही हात डोक्यावरून फिरवत तिने धाकटीला हाक मारली. "ए, हात लावून सांग गं. बकरीचे आलेत का घोड्याचे?" धाकटी इतकी हसली की हातातल्या कपातला चहा सांडला. "डुकराचे आलेत, डुकराचे!" ती म्हणाली. ताईही हसली, जराशी उशिरा.

बोटांचं पुढे हळूहळू उघड झालं. औषधांनी जीव राखला आणि बोटांची जाणीव नेली. ब्लाउजचे हुक लागेनात, तापलेलं भांडं हातात तसंच राही आणि चटका नंतर दिसे. डॉक्टर म्हणाले, एक वर्ष वाट बघा, आली तर तेवढ्यात येईल. आणि नाही आली तर? तर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

तरी ताई कामावर आली. तिच्या हातचे बूट आता पाहवत नसत. शिवणीत पॉलिशचे गोळे, टाचेकडे कोरडी जागा. थकवा होताच, म्हणून ती दुपारीच घरी जायची, आणि तिची पाठ वळली की धाकटी तिने केलेला एकेक बूट पुन्हा मांडीवर घ्यायची. संध्याकाळी लोक बूट नेताना म्हणायचे, तुमच्या ताईंच्या हाताला तोड नाही. धाकटी हा निरोप न चुकता घरी पोचवायची.

वर्ष सरलं तशी ताईने स्वतःच विषय काढला. "बकरीचा ब्रश पार टकला झालाय. नवा मी निवडणार, डोळे मिटून. बरोबर निघाला तर माझं स्टूल माझं. नाही निघाला तर काउंटरवर बसून सपाता वाटीन. मग मी मागितला तरी माझ्या हातात बूट द्यायचा नाहीस, कळलं?"

"असं काय हो बोलता, ताई," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच ब्रशवाल्याकडे गेली. हा ब्रशवाला डोक्याने गुळगुळीत. माझे स्वतःचे उरले असते तर त्यांचाही ब्रश बांधून विकला असता, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. धाकटीने सगळं सांगितलं तेव्हा मात्र त्याने थट्टा केली नाही.

"ही फसवणूक झाली, वहिनी."

"झालीच. पण त्या स्टुलावरून उठल्या ना, तर त्या पुन्हा बसायच्या नाहीत कुठेच. तुम्ही ओळखता त्यांना."

ब्रशवाल्याने टक्कल खाजवलं. मग फळीवरचे घोड्याचे आणि डुकराचे काळे ब्रश उचलून आत नेऊन ठेवले. "या उद्या. सगळा बकऱ्यांचाच बाजार मांडतो. डोळे मिटून काय, पाठमोऱ्या बसून निवडू देत."

माणूस कुणाच्या भल्यासाठी खोटं बोलायला निघतो तेव्हा फक्त पहिल्या पावलाचा विचार करतो. धाकटीनेही तेवढाच केला.

ताई दुकानात आली, पदर खोचला, डोळे मिटले. सगळ्या ब्रशांवरून तिची बोटं सावकाश फिरली. एकदा, पुन्हा एकदा. मग तिने एक ब्रश उचलला. "हा. हा बकरीचा."

"बकरीचाच," ब्रशवाला म्हणाला. "तुम्ही काय चुकणार!"

ताईने डोळे उघडले. असा चेहरा धाकटीने आजारपणानंतर पाहिलाच नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ताई म्हणाली, "थांबा थांबा. आपला घोडाही झिजलाय. तोही आजच घेते." आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

ब्रशवाल्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने जमिनीकडे पाहिलं. आता बोल, आताच बोल, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. ताईने या खेपेला फार वेळ घेतला नाही.

"हा बघ घोड्याचा! कसा उत्तर देतोय बोटाला."

"घोड्याचा," ब्रशवाला खोकत म्हणाला आणि घाईघाईने ब्रश कागदात गुंडाळायला लागला.

घरी जाताना ताईचं तोंड मिटलं नाही. जिथे म्हणून हात पोचेल तिथे ती हात लावत होती. कुंपणाच्या गजांना, दुकानांच्या काचांना, एका अनोळखी माणसाच्या उभ्या सायकलला. "हे गार आहे. हे खरखरीत आहे. आणि हा तुझा गाल. अगं, किती सुकलाय, काही लावत जा." धाकटी हो हो म्हणत राहिली. गज उन्हात तापले होते.

सकाळी ताई स्टुलावर बसली. एक काळा बूट घेतला, धूळ काढली, पॉलिश लावलं, वाळू दिलं. मग नवा घोडा उचलला आणि दणकून हात मारला.

धाकटी काउंटरवर पाठमोरी सपातांच्या जोड्या लावत होती. तिला काहीच ऐकू आलं नाही, आणि तिचे हात थांबले. मागे ताईने आणखी एक हात मारला, आणखी एक, जोराने. खोलीत आवाज नाही. धाकटी वळली तेव्हा ताई ब्रश कानाशी धरून त्यावर अंगठा घासत होती. बुटावरचं पॉलिश होतं तसंच, मातकट. ताईने टोपलीतला जुना, झिजलेला घोडा काढला. खसखस. पुन्हा नवा. काही नाही. मग कालचा दुसरा, बकरीचा म्हणून घेतलेला. काही नाही.

"हे दोन्ही बकरीचे आहेत," ती म्हणाली.

धाकटीने हातातल्या सपाता खाली ठेवल्या.

"किती होते तिथे बकरीचे?"

"सगळे," धाकटी म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना."

"म्हणजे मी कुठलाही उचलला असता तरी..."

ताई चिडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं. पण ताई नुसती आपल्या बोटांकडे पाहत बसली, दुसऱ्या कुणाची आपल्याकडे विसरून राहिलेली वस्तू पाहावी तशी. मग तिने विचारलं, "आणि बूट? माझ्यामागे तू पुन्हा करतेस?"

"कधी कधी."

"रोज," ताई म्हणाली. "हाताला तोड नाही म्हणायचे ना? तुझ्या हाताला म्हणत होते." तिने मांडीवरचा बूट धाकटीच्या हातात दिला, वर जुना घोडा ठेवला, आणि गुडघ्यावर हात टेकून स्टुलावरून उठली. "बस. साहेबांना लवकर हवेत आज."

धाकटी बसली. स्टूल अजून उबदार होतं. तिने ब्रश मारायला सुरुवात केली आणि तो खसखस आवाज तिला सहन होईना, पण थांबताही येईना. ताई काउंटरमागे जाऊन सपाता लावायला लागली. बऱ्याच वेळाने, मागे न वळता, ती म्हणाली, "त्या दिवशी आरशासमोर तुला विचारलं होतं. डोक्यावर बकरीचे आलेत का घोड्याचे."

"हो," धाकटी म्हणाली. "किती हसलो होतो आपण."

"तू हसलीस. मी खरंच विचारत होते गं. मला कळत नव्हतं."

खसखस थांबली. धाकटी उठली, पॉलिशने काळे झालेले हात साडीलाच पुसले, आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला. केस दाट होते, लहान मुलासारखे मऊ. तिने हात तसाच काही वेळ राहू दिला.

"बकरीचे आहेत," ती म्हणाली.

"बरं," ताई म्हणाली, आणि समोर आलेल्या माणसापुढे सपातांची एक जोडी सरकवली.