चढावरचा दगड

जरा जवळ सरकून बसा, मंडळी. भजनाला अजून अवकाश आहे, तोवर एका चढाची आणि एका दगडाची गोष्ट ऐका. खोटी वाटली तर डेसीकाकूंना विचारा. त्या अजून आहेत, आणि कानही शाबूत आहेत.

लीथानं डॅशबोर्डवरचं बटण अंगठ्यानं वर दाबलं आणि जीपच्या नाकावरची विंच, म्हणजे दोरी रिळावर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, घरघरली. समोरची दोरी चिखलातून उठली, ताठ झाली. चढाच्या माथ्यावर जुन्या ओकच्या बुंध्याला पट्टा बांधून तिचा भाऊ बर्ल उभा होता. त्यानं हात वर केला आणि बोट गोल फिरवलं: ओढ. जीप रांगत रांगत ओली माती चढू लागली.

"बघ आई, बसल्या जागेवरून चालते," लीथा म्हणाली. "गेल्या वर्षी बर्ल ते रिमोट हातात धरून पुढे चिखलात नाचत होता."

"चांगला नाचत होता," शेजारच्या सीटवरून तिची आई, डेसीकाकू, म्हणाल्या. नव्वदी कधीच ओलांडलेली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. "माझी करमणूक झाली होती."

डोंगरावरच्या दफनभूमीत त्या दिवशी घराण्याची स्मरणसभा होती. वसंतातल्या पावसानं रस्त्याचा शेवटचा तुकडा खाली ओढ्यात नेला होता. एक जीप कशीबशी मावेल एवढी पट्टी उरली होती, आणि डावीकडे काहीच नव्हतं. चालती माणसं मागच्या पायवाटेनं वर गेली होती. डेसीकाकूंचं खुब्याचं हाड मोडलेलं. पण नवऱ्याच्या थडग्याशेजारी बसून उपदेशक आर्लीभाऊंचं प्रवचन ऐकल्याशिवाय आपण मरणार नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं.

आर्लीभाऊंचा आवाज आता वरून ऐकू येत होता. त्यांचं बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे लागतं, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. ओळ चढत जाते, टोकाशी थरथरते, आणि मग छातीतून एक 'हा' सुटतो. तो ऐकला की ऐकणाऱ्याचाही श्वास मोकळा होतो. त्या दिवशी ते येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट गात होते:

"पेत्रानं पाऊल टाकलं पाण्यावर, हा!
वाऱ्याकडे बघितलं अन् गुडघे भिजले, हा!"

विंचला मधूनमधून विसावा द्यावा लागतो, नाहीतर मोटर जळते. लीथानं अंगठा उचलला.

विंचच्या पोटात काहीतरी करकरलं आणि जीप मागे सरकली.

तिनं पायानं ब्रेक दाबला. चाकं थांबली, जीप थांबली नाही. गिलाव्यावरून थापी फिरावी तशी ती मातीवरून घसरत होती, मागचं अंग ओढ्याकडे वळत. लीथानं पुन्हा बटण दाबलं. दोरी ताणली गेली, धक्का बसला, जीप पुन्हा वर निघाली.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणतेस तेव्हा अगदी बापासारखी दिसतेस. खाणीचं छत कोसळलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता."

विंचच्या रिळात एक ब्रेक असतो. बटण सोडलं की तो आपोआप धरतो, पण एकाच बाजूनं. दोरी रिळावर उलट्या अंगानं गुंडाळली असेल तर तो धरत नाही. खाणीत वीज सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या लीथाला हे माहीत होतं. आणि आता शनिवारही आठवला.

शनिवारी ती डॅशबोर्डखाली उताणी पडून काम करत होती. इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडलं, तारा सोलल्या जाऊ नयेत म्हणून त्यात रबर बसवलं, फ्यूज लावला, एकेक जोड दोनदा ओढून पाहिला. मग बटण 'आत'कडे दाबलं तर दोरी बाहेर आली. "तारा उलट्या लागल्या वाटतं," ती म्हणाली, आणि बटणामागच्या दोन तारांची अदलाबदल करून मोकळी झाली. तिच्या हातून तारा उलट्या लागत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. पण खाली वाकून तिनं रीळ बघितलं नाही.

कारण ती दोरी हॉबर्टनं बसवली होती. हॉबर्ट म्हणजे तिचा नवरा, म्हणजे होता. काडीमोड होऊन बरीच वर्षं झाली तरी डेसीकाकूंची लाकडं तोच फोडायचा, गटारही तोच साफ करायचा. जुनी लोखंडी दोरी झिजली म्हणून पानगळीत त्यानंच ही नवी बसवली होती. शनिवारी तो ओसरीच्या पायरीवर बसून शेंगा मोडत होता. 'उलट्या' हा शब्द ऐकून त्यानं मान वर केली होती. दोरीबद्दल विचारायचं तर त्याला विचारावं लागलं असतं. तिनं विचारलं नाही, आणि त्यानं मान खाली घातली.

आता तो आरशात दिसत होता. डेसीकाकूंची घडीची खुर्ची पाठीला अडकवून जीपमागून चालत होता. जीप घसरली तेव्हा तो मागे पळाला नव्हता. वाकून त्यानं पातेल्याएवढा दगड उचलला होता.

"ओढत राहा!" तो ओरडला. "थांबायच्या आधी हाक मार. मी चाकाखाली दगड देतो."

"मागून बाजूला हो! सुटली तर अंगावर येईल."

"येईल तर येईल."

"हॉबर्ट!"

"भांडण वर गेल्यावर कर, बये! ओढ!"

वर आर्लीभाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची ओळ चढत होती. बर्लनं मंडळींकडे वळून हात उंचावला, तशा डेसीकाकू खिडकीतून खेकसल्या, "आर्लीला थांबवलंस तर याद राख! तेवढाच एक धीर आहे मला."

मग तसंच चाललं. आर्लीभाऊ सूर चढवीत तोवर लीथा ओढायची. मंडळींचं 'आमेन' उमटलं की ती ओरडायची, "आता!" दगड चाकाखाली जायचा, ती अंगठा उचलायची आणि जीप दगडावर टेकायची.

"मला त्याच्याशेजारी जायचंय खरं," डेसीकाकू पुटपुटल्या, "पण संध्याकाळी परतही यायचंय."

माथा हातभर अंतरावर आला तेव्हा जळका वास आला. मोटरच्या झाकणातून धुराची बारीक रेघ निघाली.

"सोड," हॉबर्ट मागून म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "थंड होऊ दे तिला."

"इथे माती नुसती पातळ आहे. दगड सरकेल."

"मी धरलाय."

आरशात तो दिसत नव्हता. दगडाला खांदा लावून खाली बसला असणार. 'भरवसा ठेव' हे त्याच्या तोंडून तिनं पूर्वी पुष्कळ वेळा ऐकलं होतं, आणि दारूची बाटली काही सुटली नव्हती. अंगठा बटणावर पांढरा पडला होता. डेसीकाकू तिच्याकडे न बघता समोर बघत होत्या.

लीथानं अंगठा उचलला.

जीप बोटभर मागे आली आणि थांबली. मागून कण्हल्यासारखा एक आवाज आला. मग सगळं स्तब्ध, फक्त वरून सूर:

"पोहायचं नाव नाही काढलं पेत्रानं, हा!
एवढंच म्हणाला, प्रभू, हात दे मला, हा!"

धूर विरला. तिनं बटण दाबलं, आणि पुढची चाकं माथ्यावरच्या गवतात चढली.

बर्लनं हूक सोडवला. "काय गं, तुझी ही नवी करामत?"

"दोरी मी उलटी गुंडाळली होती," हॉबर्ट म्हणाला. तो खांद्यापर्यंत चिखलानं माखला होता.

"तारा मी फिरवल्या," लीथा म्हणाली. "वाकून बघितलं नाही."

बर्लनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "चूक तुझी आणि तुझीपण? बरं आहे ना तुम्हाला?"

"जेवणं झाली की सगळी दोरी सोडून पुन्हा गुंडाळू," लीथा हॉबर्टला म्हणाली. "मी बटण दाबते. तू दोरी धर."

त्यानं मान डोलावली.

दफनभूमीत चार खांबांवर पत्र्याचं छप्पर आहे. त्याखाली बाकं, आणि पुढे आर्लीभाऊ. दारूपायी मंडळीनं हॉबर्टचं नाव आपल्या यादीतून कमी केलं, तेव्हापासून तो त्या छपराखाली आला नव्हता. दारू सुटली तरी परत घ्या म्हणून विचारायला आला नाही. दर वर्षी झाडाखाली टोपी काढून उभा राहायचा आणि जेवणाआधी निघून जायचा. त्या दिवशीही त्यानं खुर्ची बर्लकडे दिली आणि खांबापाशी थांबला.

बर्लनं आईला थडग्याकडे तोंड करून बसवलं. जमीन उतरती होती, खुर्ची एका अंगाला कलली.

"चढावर वाचले, ही खुर्ची मारणार मला," डेसीकाकू मोठ्यानं म्हणाल्या. "हॉबर्ट, तो दगड काय मिरवत बसलायस? इथे लाव."

त्यानं हाताकडे पाहिलं. दगड अजून हातातच होता.

आर्लीभाऊंची ओळ अर्ध्यावर थांबली. हॉबर्टनं एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं. गुडघ्यांवर बसून त्यानं दगड खुर्चीच्या पायाखाली सरकवला, हलवून बघितला. उठू लागला तर डेसीकाकूंचा हात त्याच्या खांद्यावर पडला होता. तो हात तिथून निघाला नाही, म्हणून तोही उठला नाही.

लीथा जवळच्या बाकावर बसली, टोकाला, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

मग आर्लीभाऊंनी ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलली. यावेळी त्यांनी ती हळू गायली.

तो दगड अजून छपराखाली आहे. तुम्ही कधी वर गेलात तर तो हलवू नका. आणि आज प्रार्थनेत आपापली माणसं आठवाल, तेव्हा हॉबर्टचीही आठवण ठेवा.