पिवळा पिझ्झा

गयास मियांची भट्टी शहागंजात होती. लग्नाकार्यात खलियासोबत, म्हणजे मटणाच्या रश्शासोबत, लागणारे नान तिथून जायचे. हळदीचं पाणी लावलेले, पिवळेधमक. एकदा ऐन निकाहाच्या सकाळी एक लग्न मोडलं आणि टोपल्याच्या टोपल्या नान तसेच राहिले. गयास मियां ते फेकायला निघाले.

"फेकना नक्को जी," त्यांची बायको वहिदा म्हणाली. तिनं नानांवर टमाट्याची लसूण घातलेली चटणी पसरली, वर कांदा नि किसलेलं चीज घातलं आणि ते पुन्हा भट्टीत सारले. त्या वासानं सगळी गल्ली गुंगल्यासारखी झाली. माणसं झोपेत चालत यावीत तशी दाराशी आली. कुणीतरी त्याला पिवळा पिझ्झा म्हणालं, तेच नाव पडलं.

भट्टीला कांदा पुरवणारे देवगाव रंगारीचे बद्रीनाथ पुढं भागीदार झाले. त्यांनी वैजापूरला, मार्केट यार्डासमोर दुसरं दुकान काढलं. तिथं मात्र कुणी फिरकेना. बद्रीनाथांच्या आईनं, सरूबाईनं, एक घास चावून पाहिला.

"लई मिळमिळीत हाय. ठेचा लावा की याला."

वहिदानं लावला. मग कांदा विकायला आलेली माणसं ट्रॅक्टरवर बसून, नाक पुसत, हसत खाऊ लागली. थंडीत हुरड्याचा पिझ्झा निघाला, ईदेला खलियाचा. कन्नडला दुकान झालं, सिल्लोडला झालं.

फर्दापूरचं दुकान उघडलं त्या दुपारी गयास मियां वहिदाला तिथून जवळच असलेली अजिंठ्याची लेणी दाखवायला घेऊन गेले. तिनं ती कधीच पाहिली नव्हती. आत आधी नुसता गारवा आणि काळोख. मग पाण्यातून वर यावेत तसे भिंतीवर चेहरे उमटले, हात उमटले, ताट धरलेली एक बाई उमटली. वहिदा किती तरी वेळ तिच्यासमोर उभी राहिली.

"ये किसकू परोसने जारी जी?"

"राजाकू होंगा."

"खुद नै खाई लगता."

गयास मियांनी बायकोकडं पाहिलं. इतकी वर्षं ती दुकानात सगळ्यांच्या शेवटी, उभ्या उभ्या उरलंसुरलं खात आली होती.

परत दुकानात आल्यावर त्यांनी तिला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः कणीक थापायला घेतली. दारात गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"थांबू द्या," बद्रीनाथ म्हणाले.

गरम पिझ्झा समोर आला. बाहेर डोंगरावर ऊन कलत होतं. वहिदानं सावकाश एक घास घेतला, डोळे मिटले.

"नमक कम है," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला.