पडद्यावरचे मोठे काका

रविवारी जेवण झालं की बाबा खुर्ची टीव्हीसमोर ओढतात आणि म्हणतात, "कोसॅक लाव." दुपारी काय जेवलो ते त्यांना आठवत नाही. माझं नाव कधीमधी आठवतं. आई गेली हे तर ते केव्हाच विसरून गेलेत. पण रविवार मात्र बरोब्बर कळतो. खाली माझी लाँड्री बंद असते, इस्त्रीचा वास येत नाही, त्यावरून कळत असावं.

सिनेमा जुना आहे, हॉलीवूडचा, चांगला लांबलचक. कोसॅक म्हणजे गवताळ मैदानांवरचे घोडेस्वार योद्धे. तासलेली डोकी, वर एक बट, हनुवटीखाली लोंबणाऱ्या मिशा. एक सरदार, एक राजकन्या आणि उरलेला वेळ मारामारी. गोष्टीत काही दम नाही. पण कंपनीला मोकळं माळरान आणि शेकडो घोडे हवे होते, आणि ते आमच्याकडे मिळाले. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, तेव्हा लष्कराच्या पागेत कामाला होते. कंपनीने अख्खी पागाच कोसॅक करून टाकली. हिरो घोड्याला घाबरायचा, म्हणून जवळून दिसतो तेव्हा तो पिंपावर बसून डुलतोय, हे बाबा आम्हाला दर वेळी सांगायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

मोठ्या काकांबद्दल मात्र बोलायचे नाहीत. ते आईने सांगितलं. पळता घोडा पाडायची तेव्हा एक रीत होती. घोड्याच्या पुढच्या पायांना बारीक तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटाला. तार संपली की घोडा तोंडावर आपटायचा, आणि स्वाराने त्याआधी उडी टाकून बाजूला व्हायचं. काकांनी ते झकास केलं. पण नेमका तेव्हा ढग आला होता, म्हणून दिग्दर्शकाने परत करायला लावलं. या वेळी ऊन चांगलं होतं. काका घोड्याखाली गेले ते उठलेच नाहीत. सिनेमात तोच शॉट ठेवलाय.

आम्ही मुलांनी तो कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे होती ती कॅसेट बाबांनी टीव्हीवरून भरून घेतलेली. तेव्हा नको तो भाग आला की रिकामं चॅनेल लावायला ते बटणावर अंगठा ठेवूनच बसले होते. काका टेकाडावरून दौडत खाली येतात, शेजारी बाबांचा घोडा, आणि तिथे पडद्यावर नुसती खरखर सुरू होते. बराच वेळ चालते. आई म्हणायची, "चला, चहा टाकते." खरखर संपली की एकदम राजकन्या दिसायची. आमच्या घरात मोठे काका कायम दौडत राहिले. बाबांना भावाचं पडणं बघवत नाही, एवढंच आम्ही समजून होतो.

मग ती कॅसेट मशीनमध्ये अडकली. दुरुस्तीवाल्याने आतून फितीचा गुंता ओढून काढला आणि म्हणाला, "ताई, आता हे मशीन विसरा." मी धाकट्याला, म्हणजे माझ्या भावाला, फोन केला. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून आमचं घर चालवतो, असं त्याचं मत आहे. त्याने कुठूनतरी सिनेमा मिळवला आणि पेनड्राइव्हवर पाठवला. "एकदम स्वच्छ आहे, ताई. आणि पूर्ण." पूर्ण या शब्दाचा विचार त्याने केला नाही आणि मीही केला नाही. मी सिनेमा लावला आणि भांडी घासायला गेले.

ओरडणं ऐकून धावत आले तर बाबा टीव्हीपाशी उभे होते, तळहात पडद्यावर टेकवून. "दादा उठत नाहीये. अगं, दादा उठत नाहीये!"

मी टीव्ही बंद केला. ते रडले, आजच बातमी आल्यासारखे रडले, कारण त्यांच्यासाठी ती आजच आली होती. भाऊ गेला हेही ते विसरलेले आहेत, हे मला त्या दिवशी समजलं. मी त्यांची पाठ चोळत राहिले. दुसरं काय करणार होते? सोमवारी त्यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. पुढच्या रविवारी म्हणाले, "कोसॅक लाव."

नाही लावलं तर घर डोक्यावर घेतात. एकदा गिऱ्हाइकांच्या इस्त्री केलेल्या शर्टांचा गठ्ठा त्यांनी जिन्यावरून खाली फेकला. म्हणून मग मी रिमोट हातात धरून शेजारी बसायला लागले. काका टेकाड उतरायला लागले की टीव्ही बंद. मला वाटलं, झालं काम. पण ते म्हणायचे, "आता येईलच दादा," आणि भिंत धरत धरत खाली लाँड्रीच्या दारात जाऊन बसायचे. तापलेल्या घोड्याला गार पाणी देऊ नये म्हणून माझ्याकडून कोमट पाण्याची बादली भरून घ्यायचे. अंधार पडेपर्यंत तिथेच. घास खायचे नाहीत, कारण दादा उपाशी येणार. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास होईल असं काही दाखवू नका. न दाखवलं की काय होतं, ते बघायला डॉक्टर येत नाहीत. मी अगदी हात टेकले.

शेवटी धाकटा स्वतः आला. येताना तोडगा घेऊनच आला.

"ताई, मी सगळा सिनेमा बघितला. लढाईनंतर ते सगळे जेवायला बसतात. शेकोटी, गाणी, मजा. आपण मधलं गाळायचं आणि थेट तिथे जायचं. बाबांना वाटेल लढाई संपली, सगळे सुखरूप परत आले. मग कशाला दारात बसतील?"

कबूल करायला जिवावर येतं, पण सुचलं होतं चांगलं.

रविवारी आम्ही दोघं बाबांच्या दोन बाजूंना बसलो. काका टेकाड उतरायला लागले, धाकट्याने बटण दाबलं, आणि समोर शेकोटी पेटलेली. माणसं पेले आपटत होती, कोणी नाचत होतं. बाबांचे खांदे सैल झाले. "आली सगळी," ते म्हणाले. धाकट्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. कितीतरी दिवसांनी मलाही जरा मोकळं वाटलं.

बाबा पुढे वाकून एकेक चेहरा बघायला लागले. भावाला शोधत होते. कॅमेरा शेकोटीभोवती फिरत फिरत एका पोरगेल्या कोसॅकपाशी थांबला. खोटी मिशी, मान मागे टाकून मोठ्याने हसणारा. कान थेट आमच्या धाकट्याचे.

"ताई," धाकटा पुटपुटला, "हे तर बाबा..."

"गप्प बस."

काका गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कामावर जावं लागलं होतं, एवढं आईने सांगितलं होतं. कसलं काम, ते सांगितलं नव्हतं. कॅसेटवरची खरखर इतकी लांब का होती, ते मला आत्ता कळलं. बाबांना भावाचं पडणं बघवत नव्हतंच, पण हे हसणं त्याहून बघवत नव्हतं.

बाबांनी त्या पोराकडे बोट दाखवलं. "हा आमच्यात होता. दादाच्या शेजारीच याचा घोडा होता. याला विचार, दादा कुठाय."

"बाबा, सिनेमा आहे तो."

"अगं, याला माहीत आहे! हसतोय, पण माहीत आहे याला. डोळे बघ त्याचे. विचार ना!"

धाकटा घाबरून रिमोटची बटणं दाबत सुटला. बंद करायच्या नादात त्याने चित्र थांबवलं, आणि तो हसरा चेहरा अख्ख्या पडद्यावर तसाच राहिला. मी रिमोट हिसकावून घेतला. पण बाबा उठून उभे राहिले होते, आणि मला बटण दाबवेना.

त्यांनी त्या चेहऱ्यासमोर हात जोडले.

"बाळा, सांग ना रे," ते म्हणाले. "मी त्याचा सख्खा भाऊ आहे."