सोनमचा पुढचा दात

गाईनं मान झटकली आणि दाव्याची कडी सोनमच्या तोंडावर बसली. कौसल्याबाई गोठ्यात धावत आल्या, तेव्हा लेक तळहातावर आपलाच पुढचा दात घेऊन उभी होती. हिरडीपाशी मोडलेला. लग्नाला सहा आठवडे उरले होते.

"डाळजला व्याह्यांना फोन करून सांगू," सोनमचे वडील सोपानराव म्हणाले.

"काय सांगताय? चंद्राबाई पोरगी बघायला आल्या तवा म्हणाल्या, आमच्यात समद्यांचे दात पुढं, आता एक तरी सरळ तोंड घरात येऊ दे. अन् आता दात पडला म्हणून कळवायचं? लोक अपशकुन मानत्यात. न्हाय, कुणाला कळता कामा नये."

पणदऱ्याहून कौसल्याबाई लेकीला घेऊन तशाच बारामतीला गेल्या. डॉक्टरबाईंनी राहिलेलं मूळ काढून त्या जागी हाडात बारीक स्क्रू बसवला. मग सोनमला खिडकीच्या उजेडात बसवून तिच्या शेजारच्या दाताकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. "पांढराशुभ्र केला तर लांबून ओळखू येईल," त्या म्हणाल्या. शेजारचा दात हिरडीपाशी पिवळसर होता, टोकाला काचेसारखा, आणि मधोमध एक पुसट रेघ. ते सगळं त्यांनी नव्या दातात उतरवलं. सोनम हसली तेव्हा आपल्या पोटच्या पोरीचा कुठला आणि बसवलेला कुठला, हे कौसल्याबाईंनाही सांगता येईना.

"हा तात्पुरता आहे," डॉक्टरबाईंनी बजावलं. "स्क्रू हाडात धरायला चार महिने लागतात. तोवर या दातानं भाकरीचा तुकडासुद्धा तोडायचा नाही. हलला तर सगळं गेलं."

कौसल्याबाईंना ते पटलं. उसाचं बेणं लावल्यावर फुटवा यायच्या आत कुणी उपटून बघतं का? सोनमही जपत होती. घास बारीक करून दाढेखाली ठेवायची. लग्न नीट लागलं. फोटो तर इतके झकास आले, की कौसल्याबाईंच्या छातीवरचं दडपण उतरलं.

दुसऱ्या दिवशी डाळजला सत्यनारायण होता. पूजा झाली, अंगठी शोधायचा खेळ झाला आणि चंद्राबाईंनी ताटलीतून अंगठ्याएवढा सुक्या खोबऱ्याचा तुकडा उचलला. नवरीनं पुढच्या दातांत धरायचा, नवऱ्यानं पुढचं टोक दातानं तोडायचं. समोरच कौसल्याबाई बसल्या होत्या. स्वतःच्या लग्नात त्यांनी हेच केलं होतं. महिनाभर यादीवर याद्या केल्या, आणि एवढं एकच मनात आलं नव्हतं.

"युवराज, देवानं तुला पुढं दात दिलेत ते याच कामाला!" नणंद ओरडली. बायका हसून लोळल्या.

सोनमनं आईकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. पण पन्नास बायका बसल्या होत्या. कौसल्याबाई हातातल्या प्रसादाच्या द्रोणाकडं बघत राहिल्या.

युवराजनं हिसका दिला. कट्टकन आवाज झाला. टाळ्या पडल्या. सोनम हसली, दात जागच्या जागी होता, पण तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"लाजली गं बाई," चंद्राबाई म्हणाल्या.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. सोनम कुजबुजत होती. "आये, दात हलतोय. जीभ लावली की घाण चव लागती."

"कुणाला बोललीस?"

"कशी बोलू? त्यांना ठावंच न्हाय. जेवायला बोलावलं की उपास हाय म्हणते. तूच धरायला सांगितलास म्हणून सांगितलंय."

मागून पावलं वाजली आणि फोन चंद्राबाईंच्या हातात गेला. "विहीणबाई, पोरीला कसला उपास धरायला लावलाय वो? चार दिस झालं, नुसतं ताक पिती."

कौसल्याबाईंनी जन्मात कधी देवाच्या नावानं खोटं सांगितलं नव्हतं. "देवीचा हाय," त्या म्हणाल्या.

"मीबी करते की देवीचा. त्यानं गाल सुजतो व्हय? अर्धं तोंड वर आलंय तिचं. अंगात ताप हाय."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. कौसल्याबाईंनी गाईपासून खोबऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. मग लांबून चंद्राबाईंचा आवाज आला, "युवराज, गाडी काढ." आणि पुन्हा फोनजवळ, एकदम थंड:

"माझ्याच हातानं तुकडा दिला मी तिला. अन् तुमी समोर बसून बघत होता. आमी बारामतीला निघतोय, तुमीबी या. दाताचं काय करायचं ते डॉक्टर बघतील. पोरीला तितनं कुणाच्या घरी न्यायचं, ते तुमच्या तोंडावर ठरवू."